पहिली गाय दावणीला बांधण्याआधी: महाराष्ट्रातल्या नव्या पशुपालकाने पाळायचे कायदे

गाय घेताना माणूस कास बघतो, सड बघतो, दात मोजतो, दोन पावलं चालवून बघतो. कागद मात्र पैसे मोजून झाल्यावर आठवला तर आठवतो. पूर्वी यात फारसं बिघडत नव्हतं. आता बिघडतं. रस्त्यात गाडी अडवली गेली, जनावर विजेने दगावलं, विम्याचा दावा टाकायची वेळ आली किंवा घेतलेली गाय चोरीची निघाली, की पहिला प्रश्न एकच येतो: जनावर तुमचं कशावरून?

हा लेख पहिल्यांदाच गाय, म्हैस किंवा बैलजोडी घेणाऱ्यांसाठी आहे. नोकरी सोडून गावी दूधधंदा सुरू करणारी मुलं, शेतीला जोड म्हणून दोन गाई घेणाऱ्या बचत गटातल्या बाया, शर्यतीच्या नादाने खिल्लार खोंड बांधणारे तरुण, या सगळ्यांना डोळ्यापुढे ठेवून तो जनावराच्या प्रवासाच्या क्रमाने लिहिला आहे.

कोणता कायदा कुणाचा

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पशुधनाचं जतन, सुधारणा आणि रोगप्रतिबंध हा विषय राज्यसूचीत आहे. प्राण्यांवरच्या क्रूरतेला आळा घालणं हा विषय समवर्ती सूचीत आहे. म्हणून गोवंश हत्याबंदीचा कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा असतो. उलट प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा केंद्राचा, सगळ्या देशाला लागू. पण राज्य आपल्यापुरती त्यात दुरुस्ती करू शकतं. बैलगाडा शर्यती परत सुरू झाल्या त्या अशाच दुरुस्तीमुळे.

याचा व्यवहारातला अर्थ सोलापूर, कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्गातल्या लोकांनी नीट लक्षात घ्यावा. जनावर कर्नाटकातून आणायचं किंवा तिकडे द्यायचं असेल, तर हद्द ओलांडताच दुसरा कायदा लागतो. कर्नाटकाच्या 2020 च्या कायद्यात गाय-बैलाबरोबर 13 वर्षांखालच्या म्हशी आणि रेडेही येतात, आणि शिक्षा आपल्यापेक्षा कडक आहे. गोव्याचे कायदे पुन्हा वेगळे. "आमच्याकडे चालतं" हे उत्तर नाक्यावर चालत नाही.

पहिली पायरी: गोठा कुठे बांधणार?

गावात शेतावर गोठा असेल तर फार अडचण नाही. ग्रामपंचायतीला विचारा, शेणाचा आणि मुताचा निचरा शेजाऱ्याच्या विहिरीकडे जाणार नाही एवढं बघा. शहरात किंवा शहराला लागून असाल तर गोष्ट वेगळी. महाराष्ट्र नागरी क्षेत्रांमध्ये गुरे पाळणे व त्यांची ने-आण करणे (नियंत्रण) अधिनियम, 1976 ज्या शहरांना लागू आहे तिथे परवान्याशिवाय गुरं पाळता येत नाहीत. तुमची जागा त्या हद्दीत येते का, हे गोठ्याचं बांधकाम काढण्याआधी विचारून घ्या. हद्दवाढ झालेल्या गावांनी तर नक्कीच. काल ग्रामपंचायत होती ती आज महापालिका झालेली असते.

जनावर मोकाट सोडायची सवय असेल तर ती इथेच सोडा. 1871 चा कोंडवाड्याचा कायदा जुना असला तरी मेलेला नाही. तुमच्या गुरांनी कुणाचं पीक खाल्लं तर तो शेतकरी ती धरून चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात नेऊ शकतो, आणि सोडवायला दंड व खावटी तुम्हालाच भरावी लागते.

दुसरी पायरी: बाजारात

आजही पुष्कळ बाजारांत भाव रुमालाखाली बोटं धरून ठरतो. ठरू द्या. पण हातावर हात पडण्याआधी जनावराच्या कानाकडे बघा.

कानात 12 अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला, म्हणजे ईअर टॅग, असला पाहिजे. 1 जून 2024 पासून महाराष्ट्रात बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करायला मनाई आहे. हा क्रमांक केंद्राच्या 'भारत पशुधन' प्रणालीत नोंदलेला असतो. मालकाचं नाव, मोबाइल, जनावराची जात, वय, लसी, रेतन अशा नोंदी त्याच क्रमांकाखाली होतात.

तुम्ही करायचं ते असं. विकणाऱ्याला बिल्ल्याचा क्रमांक विचारू नका, स्वतः वाचा आणि मोबाइलमध्ये फोटो काढा. विकणाऱ्याकडे ग्रामपंचायतीचा मालकीचा दाखला मागा. त्यावर हाच क्रमांक लिहिलेला हवा. दोन्ही आकडे जुळवा. एक आकडा चुकला तरी सौदा थांबवा, कारण तो आकडा पुढे दहा ठिकाणी आडवा येतो. विकणारा हेडी (जनावरांचा दलाल) किंवा व्यापारी असेल तर त्याने ते जनावर कुणाकडून आणलं याची पावतीही बघा.

बाजार समितीच्या आवारात सौदा झाला तर समितीची पावती मिळते. तिच्यावर दोघांची नावं, गाव, जनावराचं वर्णन, रक्कम आणि बिल्ला क्रमांक असू द्या. वर्णन नीट लिहून घ्या: "गाय एक" असं नाही, तर "संकरित होल्स्टिन गाय, काळी-पांढरी, दुसऱ्या वेताची, चार दाती, कपाळावर पांढरा ठिपका." गोठ्यावर जाऊन घरगुती सौदा केला तर साध्या कागदावर विक्रीपत्र करा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती जोडा. पाहुण्यांकडून घेतलेल्या गाईचंही असंच. नात्यात कागद करताना संकोच वाटतो, पण पुढे नातं टिकवायला तोच कागद उपयोगी पडतो.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन बिल्ल्यावरचं मालकाचं नाव बदलून घ्या. नवे लोक सगळ्यात जास्त विसरतात ते हेच. गाय तुमच्या दावणीला आणि नोंद जुन्या मालकाच्या नावावर, अशी वर्षानुवर्षं राहिलेली जनावरं गावोगाव आहेत. बिल्ला तुटून पडला तर दवाखान्यात नवा लावून जुन्या नोंदीला जोडून घ्यावा. मेलेल्या जनावराचा बिल्ला दुसऱ्याच्या कानात मारायचा उद्योग कुणी सुचवला तर ऐकू नका.

तिसरी पायरी: गाडीत

बाजारातून घरापर्यंतचा तासा-दोन तासांचा रस्ता हा सगळ्या व्यवहारातला सर्वात नाजूक टप्पा आहे. इथे केंद्राचे 1978 चे प्राणी वाहतूक नियम लागतात, मोटार वाहन नियम लागतात आणि गोवंश असेल तर राज्याचा प्राणी रक्षण अधिनियम, म्हणजे गोवंश हत्याबंदीचा कायदाही लागतो.

पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र आधी घ्या. जनावर प्रवासाला योग्य आहे, संसर्गजन्य रोग नाही, असं त्यात लिहिलेलं असतं. प्रमाणपत्राशिवाय जनावर गाडीत चढवायचं नसतं. मोठ्या बाजारांत पशुवैद्यक असतात; नसतील तर आदल्या दिवशी विकणाऱ्याच्या गावच्या दवाखान्यातून घ्यावं. त्याबरोबर पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन, जनावरांची संख्या आणि सोबतच्या चारापाण्याची नोंद असलेला कागद गाडीत ठेवा.

मालवाहू गाडीत सहापेक्षा जास्त मोठी जनावरं नेता येत नाहीत. लहान गाडीत तर तेवढीही बसत नाहीत, कारण प्रत्येक मोठ्या जनावराला किमान 2 चौरस मीटर जागा आणि स्वतंत्र कप्पा हवा. जनावरांसोबत दुसरा माल भरायचा नाही. सोबत एक माणूस, पाणी आणि प्रथमोपचाराचं सामान असावं. फळ्यांवर भुसा किंवा पेंढा टाका. ओल्या पत्र्यावर खूर घसरला की गाय फाकते, आणि फाकलेली गाय पुष्कळदा परत उठत नाही. आठव्या-नवव्या महिन्यातली गाभण गाय शक्यतो हलवूच नका.

भाडं वाचवायला चार जणांची जनावरं एका पिकअपमध्ये कोंबतात. यात जनावराचे हाल होतात आणि कायद्याच्या नजरेत निर्दोष शेतकरीही आरोपी होतो. जनावरं जप्त झाली तर खटला चालेपर्यंत ती गोशाळेत किंवा पांजरपोळात जातात, आणि 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार त्यांच्या सांभाळाचा खर्च मालक आणि वाहतूकदारावर येऊ शकतो. दुभती गाय दोन महिने दुसरीकडे राहिली की तिचं दूध मोडतं. ती परत मिळाली तरी तोटा भरून निघत नाही.

गाडी अडवली तर काय करावं? प्राणी रक्षण अधिनियमाखाली गाडी थांबवून तपासण्याचा अधिकार उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला किंवा शासनाने तसं अधिकृत केलेल्या व्यक्तीला आहे. रस्त्यावर जमलेल्या कुणालाही तो नाही. तरी वाद घालत बसू नका. गाडीतून उतरा, 112 ला फोन करा आणि कागद पोलिसांच्याच हातात द्या. मूळ कागद गर्दीत कुणालाही देऊ नयेत. फोटो आणि प्रती जवळ असाव्यात. दिवसाउजेडी प्रवास करणं केव्हाही चांगलं.

चौथी पायरी: गोठ्यातला रोजचा कायदा

लसीकरण सरकारी योजनेतून मोफत होतं: लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा, आणि 4 ते 8 महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना सांसर्गिक गर्भपाताची लस आयुष्यात एकदा. कालवडीचं हे वय निघून गेलं की ती संधी गेली, म्हणून वासरू जन्मलं त्या दिवशी दिनदर्शिकेवर चौथा महिना मांडून ठेवा.

जनावराला संसर्गजन्य रोगाची शंका आली तर कळवणं हे 2009 च्या केंद्रीय कायद्याने मालकाचं कर्तव्य आहे. ग्रामपंचायतीला किंवा दवाखान्याला कळवायचं आणि आजारी जनावर वेगळं बांधायचं. 2022 मध्ये लम्पी चर्मरोग आला तेव्हा सारं राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं, बाजार बंद झाले, शर्यती आणि प्रदर्शनं थांबली. तेव्हा दगावलेल्या गाईमागे 30,000, बैलामागे 25,000 आणि वासरामागे 16,000 रुपयांची मदत मिळाली. ज्यांनी आजार दडवला त्यांच्या हाती कागदच नव्हता.

पान्हा सोडायला इंजेक्शन देण्याचा प्रकार काही ठिकाणी अजून चालतो. दूध वाढवण्यासाठी किंवा काढण्यासाठी असं इंजेक्शन देणं हा 1960 च्या कायद्याच्या कलम 12 खाली गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, 1,000 रुपयांपर्यंत दंड, आणि जनावर सरकारजमा. वासरू जवळ आणा, कास कोमट पाण्याने धुवा, वेळ पाळा. पान्हा येतो.

रेतनाबद्दल थोडं सविस्तर. कृत्रिम रेतन करणारा माणूस आला की त्याला रेतमात्रेची रिकामी नळी मागून घ्या. तिच्यावर वळूचा क्रमांक आणि जात छापलेली असते. तारीख घालून तो क्रमांक वहीत उतरवा आणि बिल्ल्याखाली ऑनलाइन नोंद होते आहे का ते विचारा. याने दोन गोष्टी साधतात. बाप-लेकीचं नातं जुळत नाही, आणि पुढे कालवड विकताना तुम्ही तिची वंशावळ दाखवू शकता. खिल्लार, देवणी, डांगी, लाल कंधारी, गवळाऊ किंवा कोकण कपिला पाळणाऱ्यांनी तर ही वही जिवापाड जपावी. शुद्ध जातीचा दावा तोंडी कितीही केला तरी कागदाशिवाय भाव मिळत नाही. संकरित गाई पाळणाऱ्यांनी लिंगवर्गीकृत रेतमात्रेचा विचार करावा. त्यातून साधारण नव्वद टक्के कालवडी होतात. याचा कायद्याशी काय संबंध, ते पुढच्या पायरीत कळेल.

पाचवी पायरी: विकताना

इथे सावकाश वाचा. महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम, 1976 ने मुळात गाईच्या कत्तलीला बंदी होती. 1995 ची दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीनंतर 2015 मध्ये अमलात आली आणि त्या बंदीत वळू व बैलही आले. गाय या शब्दात कालवड आणि गाईचं नर-मादी वासरू दोन्ही येतात. जातीचा भेद नाही. खिल्लार बैल असो की होल्स्टिनचा गोऱ्हा, कायदा एकच. म्हशींसाठी बंदी नाही, पण सक्षम प्राधिकाऱ्याच्या दाखल्याशिवाय त्यांचीही कत्तल करता येत नाही. शेळ्या-मेंढ्या या कायद्यात येत नाहीत.

नव्या माणसाला वाटतं, हा कायदा खाटकासाठी आहे, आपला काय संबंध? संबंध आहे. कत्तलीसाठी विकणं, विकत घेणं, वाहून नेणं आणि राज्याबाहेर पाठवणं हेही गुन्हे आहेत. शिवाय कत्तल होणार हे माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना, विकलं तरी गुन्हा ठरतो. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि 10,000 रुपयांपर्यंत दंड. मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे 2016 च्या निकालात ही बंदी कायम ठेवली. मात्र राज्याबाहेर कापलेल्या गोवंशाचं मांस बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम आणि निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकणारं कलम त्याच निकालाने रद्द केलं. त्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

म्हणून तुमची गाय भाकड झाली किंवा बैल थकला, तरी तो कुणाला आणि कशासाठी विकता हे कागदावर दिसलं पाहिजे. घेणारा शेतकरी आहे का बघा. त्याच्या सातबाऱ्याची प्रत आणि ओळखपत्र घ्या. विक्रीपत्रात "शेतीकामासाठी", "दुधासाठी" किंवा "पैदाशीसाठी" असा हेतू लिहा. आणि विकल्याबरोबर बिल्ल्यावरचं नाव बदललं जाईल याचा पाठपुरावा तुम्हीच करा. घेणाऱ्यावर सोडू नका. उद्या ते जनावर कुठेही सापडलं तर बिल्ला ज्याच्या नावावर आहे, पहिला फोन त्याला येतो.

या कायद्याबद्दल माझं मत स्पष्ट सांगतो. दोन गाई असलेल्या घराला भाकड गाय वर्षभर पोसायचा भार सोसत नाही. कडबा आणि पेंड दुभत्या गाईलाही मोजून घालावी लागते तिथे हा प्रश्न भावनेने सुटत नाही, आणि कायदा करताना त्या घराचा विचार पुरेसा झाला नाही. पण कायदा आहे तोवर तो पाळूनच मार्ग शोधावा लागेल. सगळ्यात पक्का मार्ग पैदाशीत आहे: नको असलेले गोऱ्हे जन्मालाच येऊ नयेत म्हणून लिंगवर्गीकृत रेतन, गाय लवकर गाभण राहावी म्हणून वेळेवर माज ओळखणं, दोन वेतांतलं अंतर कमी ठेवणं. दुसरा मार्ग गोशाळेचा. 30 सप्टेंबर 2024 ला राज्य सरकारने देशी गाईला राज्यमाता-गोमाता घोषित केलं आणि गोशाळांना देशी गाईमागे दिवसाला 50 रुपये अनुदान ठरवलं. अनुदान देशी गाईंपुरतं असल्याने संकरित भाकड गाय घ्यायला गोशाळा कचरतात. तिथे आधी बोलून ठेवा, आणि गाय देताना गोशाळेची सही-शिक्क्याची पोच घ्या. रात्री दावं सोडून गाय हायवेला सोडून देणं मात्र कधीही करू नका. जनावराला वाऱ्यावर सोडणं हाही 1960 च्या कायद्यात गुन्हा आहे, आणि त्या गाईला धडकून माणसं मरतात.

शर्यतीची बैलं असतील तर

7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने 2017 मध्ये 1960 च्या कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे ती अडली, 16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम परवानगी दिली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली.

शर्यत कायदेशीर झाली ती अटींवर. आयोजकाने जिल्हाधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्यायची, 50,000 रुपयांची अनामत ठेवायची, धाव 1,000 मीटरच्या आत ठेवायची, बैलांची पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यायची. काठी, चाबूक, पराणी, खिळे, विजेचा झटका, शेपूट पिरगाळणं, सगळं बंद. अटी मोडल्यास 5 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. बैलमालक म्हणून तुम्ही घाटावर, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, जाण्याआधी आयोजकाकडे परवानगीची प्रत मागा. ती दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याच्या शर्यतीत बैल जुंपू नका. परवानगी न घेतलेल्या शर्यतीत बैल उतरवणाराही अडकतो. आणि घाटावर कुणी पराणी काढली तर पहिलं तुम्ही बोला. एवढ्या वर्षांनी परत मिळालेली शर्यत आपल्याच माणसांच्या हातून जायला नको.

जनावर दगावलं तर

वीज, पूर, भिंत कोसळणं अशा आपत्तीत जनावर गेलं तर त्याच दिवशी तलाठी, ग्रामसेवक आणि पशुवैद्यकाला कळवा. पंचनामा आणि शवविच्छेदन होईपर्यंत कानातला बिल्ला काढू नका. बिल्ल्यासकट फोटो काढा. आपत्ती निधीच्या 2022 ते 2026 च्या निकषांनुसार दुभत्या गाय-म्हशीला 37,500, ओढकामाच्या बैलाला 32,000, वासराला 20,000 आणि शेळी-मेंढीला 4,000 रुपये मिळत. संख्येला मर्यादा होती: दुभती मोठी जनावरं तीनपर्यंत. विमा असेल तर कंपनीलाही लगेच कळवा. तिथेही बिल्ला क्रमांकच मागतात.

एक गोष्ट जिवाशी आहे. जनावर अचानक मेलं आणि नाकातोंडातून काळपट, न गोठणारं रक्त येत असेल तर ते काळपुळीचं लक्षण असू शकतं. ते फाडू देऊ नका, कातडं काढू देऊ नका, पशुवैद्यक येईपर्यंत कुत्र्यांना जवळ फिरकू देऊ नका. हा रोग माणसाला होतो. पुरायचं तर खोल खड्ड्यात, चुना टाकून, पाण्यापासून दूर.

घरात प्रत्येक जनावराची एक प्लास्टिकची पिशवी करा आणि तिच्यावर बिल्ला क्रमांक लिहा. आत खरेदीची पावती, ग्रामपंचायतीचा दाखला, वाहतुकीचं प्रमाणपत्र, लसीचं कार्ड, रेतनाच्या नोंदी, विम्याचा कागद आणि जनावराचा दोन्ही बाजूंनी काढलेला फोटो ठेवा. दवाखान्याच्या डॉक्टरांचा फोन पिशवीवरच लिहा, आणि त्याखाली 1962, म्हणजे फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री क्रमांक. पिशवी कुठे ठेवली आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या, कारण गाय विताना अडते तेव्हा घरी बहुतेक वेळा बाईमाणूसच असतं.